चिमूटभर साखर पुरे

गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं की ज्याला समाधान वाटतं, असा दुकानदार अख्ख्या सांगलीत एकच असेल, आणि मी तीन वर्षं त्याच्या डोक्यावर राहिले. म्हणजे विश्रामबागेत खाली चाचांची बेकरी, मागं त्यांचं घर आणि वरच्या खोलीत भाड्यानं आम्ही दोन मुली. मी पाटणकडच्या एका खेड्यातली, मैत्रीण जतकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळं शहरातल्या दुकानात कसं बोलावं इथपासून मला सगळं नवीन होतं. पहिल्याच संध्याकाळी मी धीर करून खाली उतरले आणि पाव किलो टोस्ट मागितले. काउंटरमागं मेंदी लावलेली दाढी आणि कोपरापर्यंत पिठानं माखलेले हात घेऊन चाचा उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघितलं.

"डबा?"

मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. "डबा नको, टोस्ट पाहिजेत," मी म्हणाले.

"टोस्ट कळलं गं. न्यायचं कशात?"

मी पिशवीचं नाव काढलं. चाचांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "कुठली तू?"

"पाटणची."

"म्हंजे तुमच्याच नदीचं पाणी पिऊन आमी जगतोय, आन् तू हितं येऊन पिशवी मागतीस व्हय? जा, वर जाऊन डबा आण. टोस्ट कुठं पळून जात न्हाईत."

मी वर गेले, जेवणाचा डबा घासून घेऊन आले. चाचांनी त्यात टोस्ट उभे लावले, मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यात एक नानकटाई बसवली आणि म्हणाले, "ही डबा आणल्याबद्दल." त्या दिवसापासून माझं नाव पाटण पडलं, मैत्रिणीचं जत. आम्हाला खरी नावं आहेत हे चाचांना माहीत होतं की नाही, मला अजून खात्री नाही.

आमच्यासारख्या परगावच्यांना गावाची नावं मिळत. बाकी गिऱ्हाइकांना ती घेत असलेल्या मालाची. रोज संध्याकाळी खारी नेणारे एक निवृत्त शिक्षक होते, ते खारी मास्तर. समोरच्या गल्लीतल्या एक बाई नेहमी गोल बिस्किटं नेत, त्या गोल बिस्कीट वहिनी. त्या जरा अंगानं भरलेल्या होत्या. एकदा त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवून विचारलं, की हे नाव बिस्किटावरनं आहे का आणखी कशावरनं. दुसऱ्या दिवसापासून त्या चौकोनी बिस्कीट वहिनी झाल्या. बिस्कीट तेच राहिलं. चाचांच्या मते वाद मिटला होता.

डबा न आणणाऱ्याला चाचा सहजासहजी सोडत नसत. बाईमाणूस असेल तर पदर, पोरगं असेल तर शाळेचं दप्तर, काहीही पुढं करायला लावत. एकदा बँकेतले एक साहेब घाईत आले. घरी पाहुणे आलेले, चहा उकळलेला, आणि हातात काही नाही. चाचांनी त्यांच्या काखेतलं हेल्मेट ओढून घेतलं, आत धुतलेलं फडकं अंथरलं आणि ते खारीनं भरून परत दिलं. साहेब ते हेल्मेट हँडलला अडकवून निघाले. चौकात हवालदारानं अडवलं. हेल्मेट जवळ असताना डोक्यावर का नाही, असं विचारल्यावर साहेबांनी फडकं बाजूला करून आतला माल दाखवला. हवालदार थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बेकरीवाल्या चाचांकडनं आलाय व्हय? मग गाडी ढकलत न्या." साहेब गाडी ढकलत घरी गेले. ही गोष्ट चाचा सगळ्यांना सांगत, आणि साहेबांसमोर सांगताना तर जास्तच रंगवून. साहेबही न चिडता ऐकत, कारण तोवर ते स्वतःचा डबा घेऊन यायला लागले होते.

या हट्टामागं एक कारण होतं. महापूर आला त्या वर्षी विश्रामबागेत पाणी चढलं नव्हतं, पण खाली गावभागात घरंच्या घरं बुडाली होती. चाचांनी तेव्हा भट्टी थंड होऊ दिली नाही. जेवढं पीठ होतं तेवढ्याचे पाव भाजले आणि शाळाशाळांतून उतरवलेल्या माणसांसाठी पाठवले. तेव्हा ते पिशव्या वापरत, पातळ, पांढऱ्या, आणि वर लाल अक्षरात बेकरीचं नाव. पाणी ओसरल्यावर चाचा नदीकडं गेले, तर काठावरच्या एका बाभळीला शेंड्यापर्यंत प्लॅस्टिक लटकलेलं, आणि त्यात मधेमधे त्यांचं स्वतःचं नाव. "सबंध सांगलीत माझं नाव झालं, पर कुठं, तर बाभळीवर," असं ते म्हणत. मी पहिल्या वर्षी ही गोष्ट ऐकली तेव्हा ती बाभळ होती. दुसऱ्या वर्षी तिची चिंच झाली आणि तिसऱ्या वर्षी पारंब्यांसकट वड. आतून चाचींचा आवाज यायचा, "बाभळच हुती." चाचा म्हणायचे, "वाढत न्हाई का झाड?"

चाचा आणि चाची एकमेकांशी घरातल्या हिंदीत बोलत. भांडण मात्र मराठीत करत, म्हणजे वरच्या आम्हा दोघींना साक्षीला घेता यावं. बहुतेक भांडणं चाचांच्या नव्या प्रयोगांवरून होत. आपल्या बेकरीत जिल्ह्याबाहेरचा माल शक्यतो यायला नको, असं त्यांनी ठरवलं होतं. केकमध्ये टूटीफ्रूटीऐवजी बेदाणा. कुणी कुरकुर केली तर विचारत, "टूटीफ्रूटी कुठल्या शिवारात पिकती, दावा मला." ज्वारीची बिस्किटं त्यांना छान जमली होती. त्या जोरावर, सांगलीची हळद जगात जाते मग आपल्या बिस्किटात का नाही, असं म्हणून त्यांनी हळदीची बिस्किटं केली. आठवडाभर गल्लीतल्या सगळ्यांची बोटं, रुमाल आणि वह्यांचे कोपरे पिवळे होते. चाची म्हणाल्या, "लग्नघर झालंय नुसतं. नवरदेव तेवढा न्हाई." बिस्किटं बंद झाली, पण चाचांनी हार मानली नाही. लोकांची जीभ अजून तयार झालेली नाही, एवढंच ते म्हणाले.

भट्टीसाठी ते उसाच्या चिपाडाचे दाबून केलेले ठोकळे वापरत. दिवसाचं काम संपल्यावरही भट्टी बराच वेळ ऊन असायची, आणि ती ऊब वाया जाताना त्यांना बघवत नसे. मग गल्लीतली माणसं भरताची वांगी, शेंगदाणे, मक्याची कणसं असलं काय काय घेऊन येत. चाचा एकेक वस्तू आत सारत आणि कुणाचं काय हे सगळं डोक्यात ठेवत. एखाद्याचं वांगं दुसऱ्याच्या घरी गेलं, तर आपली चूक मान्य न करता म्हणत, "चव बगा की, तुमच्यापेक्षा बरं हाय." पर्यावरण विषयाच्या प्रकल्पासाठी मी याच बेकरीची माहिती लिहायचं ठरवलं होतं. प्रश्न काढून खाली गेले आणि तुमच्या व्यवसायाचं पर्यावरणविषयक धोरण काय, असं विचारलं. चाचांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते तासभर बोलले, पण सगळं मैदा पूर्वी कसा मिळायचा आणि आपल्यासारखी नानकटाई मिरजेपर्यंत कुणाला का जमत नाही, याबद्दल. माझ्या प्रकल्पात धोरणाची जागा कोरी राहिली. तिथं मी भट्टीचं आणि वांग्यांचं लिहिलं. सरांनी शेरा दिला, की लेखन प्रामाणिक आहे पण विषयाला धरून नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येते. ज्याच्याकडं खरंच काही नसेल, त्याला चाचा आपला डबा देत. काउंटरमागं भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर डबेच डबे. भंगारवाल्याकडून वजनावर आणलेले, घर बदलणाऱ्यांनी देऊन टाकलेले, आणि चाचींच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या नकळत खाली उतरलेले. बहुतेकांवर नावं कोरलेली. कुणाच्या मुंजीतला, कुणाच्या वास्तुशांतीतला. आम्ही दोघींनी एकदा कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ वाटलेल्या डब्यातून क्रीमरोल आणले आणि खाताना उगाचच हळू आवाजात बोललो. डब्यासाठी अनामत घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. चाचा ऐकत नसत. "पैसं घेतलं की डबा त्येचा झाला. मग कशाला आणील परत?" ते म्हणत. "डबा माझा हाय ही लाज ऱ्हायली पायजे."

लाज राहिली, पण डबे येईनात. माझ्या तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर फळ्या दिसायला लागल्या. खालची रिकामी झाली, मग मधली. दिवाळी तोंडावर येत होती, आणि दिवाळीत चाचांची खरी परीक्षा. त्या दिवसांत प्रत्येक घरातला एकूण एक डबा चिवड्या-चकल्यांनी भरलेला असतो, त्यामुळं नानकटाई न्यायला कुणाकडंच काही उरत नाही. सगळं गाव चाचांच्या फळीवर अवलंबून. आणि फळीवर तेव्हा काय होतं, तर झाकण न बसणारा एक डबा आणि डबा नसलेली दोन झाकणं.

चाचांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो सुट्टीला आला, फळ्यांकडं बघितलं आणि सरळ म्हणाला, "अब्बा, लोकं डबं ढापत्यात. तुमी कवा मान्य करणार?"

"विश्रामबागेतली माणसं डबं चोरत न्हाईत."

"मग कुठं गेलं? पाय फुटलं काय त्यांना?"

चाचांनी एक सुटं झाकण उचलून उरलेल्या डब्यावर बसवून बघितलं. मुलगा वाईट नव्हता, त्याला बापाची काळजी होती. त्यानं पुण्याहून छापील पिशव्यांचा नमुना आणला होता, जाड, चकचकीत, लाल अक्षरात बेकरीचं नाव. चाचींचा डाळीचा डबासुद्धा गेल्यामुळं डाळ तेव्हा कुकरमध्ये राहत होती, म्हणून त्याही मुलाच्या बाजूनं झाल्या. ठरलं असं, की दिवाळीच्या आधी डबे आले तर आले, नाहीतर वसुबारसेपासून पिशव्या. चाचा हो म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकलं.

त्यानंतर चाचा बदलले. पिशव्यांपेक्षाही, मुलाचा 'ढापत्यात' हा शब्द त्यांच्या मनात बसला असावा. गिऱ्हाईक आलं की ते त्याच्याकडं असं बघत, जणू डबा त्याच्या शर्टात लपवलेला आहे. नावानं हाका मारणं बंद झालं. कुणाला खारी नाही, बिस्कीट नाही, नुसतं "काय देऊ?" आणि एका संध्याकाळी त्यांनी खारी मास्तरांना विचारलं, "मास्तर, तुमच्याकडं आमचं डबं किती असतील?"

मास्तर उंच, जरा वाकलेले. त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "असतील चार-सहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "आज खारी नको." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्यासाठी बाजूला काढलेली खारी चाचा रोज रात्री दुकान बंद करताना तशीच परत बरणीत टाकत.

मी दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेले. कराडला गाडी बदलून घरी पोचायला दिवस मावळला. चुलीशेजारच्या फडताळात पहिली नजर गेली ती एका स्टीलच्या डब्यावर. घासून लख्ख, पालथा घातलेला. गेल्या दिवाळीत चाचांनी आईसाठी नानकटाई भरून दिली होती, तोच.

"आई, हा अजून हितंच? मी मागच्या खेपेला सांगितलं होतं की पिशवीत घाल म्हणून."

आई भाकरी थापत होती. "आगं, मोकळा डबा कसा धाडायचा कुणाच्या घरी? चांगलं दिसतं का? म्हटलं घेवडा निघंल, तर दोन मापं घालू. घेवडा पावसानं नेला. आता भात झोडपू दे, नवा तांदूळ भरून देते."

"नुसता दिला असतास तरी चाललं असतं."

"तुमच्या शहरात चालत आसंल. मला न्हाई बाई चालत. त्या चाचींनी काय म्हणायचं, पाटणच्या बाईकडं मूठभर काय निघंना?"

मी त्या डब्याकडं बघत बसले. मला एकदम वाटलं, विश्रामबागेतल्या प्रत्येक घरात, फडताळात, फ्रीजवर, देवघराच्या खाली असाच एकेक डबा घासून पालथा पडलेला असणार. कुणीच ढापलेला नाही. कुणी लाडू व्हायची वाट बघतंय, कुणी गावाकडून शेंगा यायची. चाचांना हवी होती ती लाज लोकांत होतीच, आणि तीच डबे अडवून बसली होती. मला खात्री नव्हती, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना. भाताला अजून अवकाश होता, म्हणून आईनं नाइलाजानं डब्यात नाचणीचं पीठ भरलं आणि वर चारदा सांगितलं, की तांदूळ नंतर येईल असं चाचींना नक्की सांग.

चाचांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी डबा उघडून पिठाचा वास घेतला, मग माझ्याकडं बघितलं. "म्हंजे चोर न्हाईत?"

"नाही वाटत."

"मी म्हटलं नव्हतं?" ते आतल्या बाजूला ओरडले. चाचांचा आवाज परत आला होता. "पाटण, तुझं अक्षर चांगलं हाय. फळ्यावर लिही, डबं मोकळंच आणा म्हणून."

मला सभ्य शब्दात लिहायचं होतं. लग्नपत्रिकेवर आहेराबद्दल लिहितात तो मजकूर डोळ्यांसमोर होता. मी खडूनं वळणदार लिहिलं, 'आमचे डबे कृपया रिकामेच परत आणावेत. काहीही भरून आणू नये, ही नम्र विनंती.' फळा बाहेर टांगला आणि आम्ही वाट बघत बसलो. दोन दिवस एकही डबा आला नाही. उलट मालही कमी खपला. तिसऱ्या दिवशी चौकोनी बिस्कीट वहिनी आल्या आणि काउंटरपासून जरा लांब उभ्या राहिल्या.

"चाचा, आमच्या घरचं तुमाला चालत न्हाई, आसं सरळ सांगायचं हुतं की. फळ्यावर कशाला लिवायचं?"

चाचा आ वासून बघत राहिले. "आवं वहिनी, चालत न्हाई कसं? मागच्या शिमग्याला तुमच्या पोळ्या खाऊन दोन दिवस झोपलो हुतो मी."

"मग? सणाच्या तोंडावर मोकळा डबा घेऊन तुमच्या दारात येऊ व्हय मी? आमच्या सासूबाई वरनं बगत असतील."

मला जमिनीत जावंसं वाटलं. शब्द माझे होते. वहिनी निघाल्या, तेवढ्यात आतून चाची बाहेर आल्या. त्या दुकानात सहसा येत नसत. पदराला हात पुसत त्यांनी फळा वाचला, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे पूस. माझ्या आईच्या घरी कवा काय नसलं, तरी शेजारणीचं भांडं ती मोकळं द्यायची न्हाई. चिमूटभर साखर टाकायची. ते लिही."

वहिनी दारात थांबल्या. "आमच्या घरीबी तसंच," त्या म्हणाल्या.

मी या वेळी काही सजवलं नाही. 'डबा आणताना चिमूटभर साखर पुरे,' एवढंच लिहिलं.

त्याच संध्याकाळी वहिनी तीन डबे घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव न्यायला येणाऱ्यांच्या हातात डबे होते, दुपारी कॉलेजच्या मुलांच्या सॅकमध्ये. बँकेतल्या साहेबांनी हेल्मेटमध्ये डबा घालून आणला. साखर चिमूटभर कुणाचीच नव्हती. सणाच्या तोंडावर चिमूट कशी द्यायची, म्हणून कुणी वाटीभर, कुणी ओंजळभर घातलेली. काहींनी साखर संपली म्हणून गूळ किसून घातला होता, एकीनं खडीसाखर, आणि एका घरातल्या आजींनी डोळ्यांना दिसत नसल्यामुळं मीठ. चाची प्रत्येक डब्यातलं चाखून पातेल्यात ओतत होत्या, त्यामुळं ते वेळीच सापडलं. पातेलं भरलं, मग दुसरं लागलं. मुंग्यांनी फळ्यांखालून रांग धरली. चाचा काउंटरवर उभे राहून एकेकाला जुन्या नावानं हाक मारत होते, इतक्या मोठ्यानं की समोरच्या गल्लीत ऐकू जावं. चाचींचा डाळीचा डबा रिक्षावाल्या एका दादांच्या घरून आला. चाचींनी तो छातीशी धरला आणि आत नेला, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराला कडी लागली.

खारी मास्तर मात्र आले नाहीत. चाचा दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी, मी काउंटरजवळ पाव घेत असताना, मास्तर दिसले. दोन्ही हातांत कापडी पिशव्या, चालताना आत डबे एकमेकांवर आपटत होते. त्यांनी सहा डबे एकेक करून काउंटरवर मांडले. सगळे घासलेले. प्रत्येकात तळाला दोन-दोन चमचे साखर.

"ही होती तोवर तीच भरून द्यायची," मास्तर म्हणाले. "चिवडा म्हणा, वड्या म्हणा. नंतर मला कळेना डब्यात काय घालायचं. मला चहाशिवाय काही येत नाही. म्हणून राहून गेलं. काल इथून जाताना फळा वाचला." शेवटचा डबा पुढं सारत ते म्हणाले, "साखर तेवढी असते घरी."

चाचांनी डब्यांकडं बघितलं. मला वाटलं, ते आता माफी मागतील. पण ते वळले, बरणीतून खारी काढली आणि सहातला सगळ्यात मोठा डबा ओढून तो भरू लागले. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच चढा होता. "किती दिवस झालं, खारी मास्तर? हितं खारी मऊ पडली तुमच्या वाटंनं. रोज काढून ठेवायची आन् रोज परत टाकायची, दुसरा धंदा न्हाई का मला?" खारी बरणीत शिल्लक होती ती सगळी त्या डब्यात गेली. झाकण बसेना, तेव्हा वरच्या दोन त्यांनी मास्तरांच्या हातात दिल्या. मास्तरांनी एक तिथंच उभं राहून खाल्ली. "मऊ नाही पडली," ते म्हणाले.

"पडली हुती," चाचा म्हणाले. "आता जरा बरी झाली."

सगळ्या गल्लीच्या त्या साखरेची, गुळाची, खडीसाखरेची चाचांनी नानकटाई केली. रंग एकीचा एकीला जुळत नव्हता. कुठं खडीसाखरेचा खडा दाताखाली यायचा. ती विकायची नाही असं ठरलं. ज्यांनी ज्यांनी डबा आणला त्यांना, घंटागाडीवरच्या माणसांना आणि रस्ता झाडणाऱ्या मावशींना ती वाटली, आणि ती नेताना कुणीही डबा विसरलं नाही. मुलगा दिवाळीला आला, तेव्हा तिन्ही फळ्या भरलेल्या होत्या. त्यानं नमुन्याच्या पिशव्यांचा गठ्ठा उचलून परत बॅगेत ठेवला आणि म्हणाला, "बरं. पर धुऊन तरी घेत जावा." चाचांनी त्याला लगेच नळाखाली बसवलं. अभ्यंगस्नानाच्या दिवशी सबंध सकाळभर तो डबे घासत होता, आणि शेजारी बसून चाचा त्याला बाभळीची गोष्ट सांगत होते. या खेपेला आतून कुणी दुरुस्त केलं नाही.

आता मी साताऱ्यात असते. बी.एड.ला नंबर लागला, बसस्थानकाच्या अलीकडं खोली मिळाली. खाली बेकरी नाही, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ते भले लोक आहेत, पण त्यांनी मला नाव ठेवलेलं नाही. विश्रामबाग सोडताना चाचांनी मला एक डबा टोस्टनं भरून दिला होता. त्याच्यावर कुणा मामानं कुणा भाचीला लग्नात दिल्याचं कोरलंय, नाव घासून घासून गेलंय. टोस्ट पहिल्या आठवड्यातच संपले. डबा धुऊन मी खिडकीत ठेवला, आणि त्यात चिमूटभर साखर टाकली, म्हणजे रविवारी मनात आलं की उचलायचा आणि सांगलीची गाडी धरायची. पण रविवारी पाठाचं टाचण असतं, नाहीतर परीक्षा असते. मग डब्याला मुंग्या लागतात. मी साखर झटकते, डबा पुसते आणि नवी साखर टाकते.

चाचा अधूनमधून फोन करतात. "काय गं पाटण, साताऱ्यात पाव कशात देत्यात?"

"पिशवीत देतात, चाचा."

"आन् तू?"

"मी जेवणाचा डबा नेते."

"हां," ते म्हणतात, आणि मग मास्तर, वहिनी, नाचणीची बिस्किटं, मास्तरांना हल्ली चाची चिवडा करायला कशा शिकवतायत आणि तो कसा दरवेळी करपतो, असं सगळं सांगतात. माझ्याकडं असलेल्या डब्याचं मात्र ते कधी विचारत नाहीत. मीही विषय काढत नाही. तो परत दिला, की तिकडं जायचं एक कारण कमी होईल, असं मला वाटत राहतं. त्यांनाही तसंच वाटत असेल का, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.

साखर तेवढी ताजी ठेवते.